सतरापैकी अकरा मते, तरी ठराव नापास

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची बातमी वाचताना आपण एक गोष्ट गृहीत धरायला शिकलो आहोत. पंधरापैकी चौदा देश ठरावाच्या बाजूने आणि एकच विरोधात असला, तरी ठराव फेटाळला जाऊ शकतो. त्या एका देशाकडे नकाराधिकार असला म्हणजे झाले. हे कोणाला पटो न पटो, सनदेत ते पांढऱ्यावर काळे लिहिलेले आहे आणि सही करणाऱ्या सगळ्यांना ते माहीत होते.

पण ११ एप्रिल १९१९ रोजी पॅरिसमध्ये जे घडले, ते असे कुठे लिहून ठेवल्याप्रमाणे घडले नव्हते. पहिले महायुद्ध संपले होते आणि राष्ट्रसंघाच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या पूर्वावताराच्या, कराराचा मसुदा करणाऱ्या आयोगाची बैठक चालू होती. एका दुरुस्तीवर मते घेतली गेली. हजर सतरा सदस्यांपैकी अकरा जणांनी बाजूने कौल दिला. जपान, फ्रान्स आणि इटली यांची प्रत्येकी दोन मते, शिवाय ब्राझील, चीन, ग्रीस, सर्बिया आणि चेकोस्लोव्हाकिया यांचे एकेक. अध्यक्षांच्या खुर्चीत अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन होते. या प्रश्नाला तीव्र विरोध झालेला आहे, तेव्हा एकमत हवे, असे सांगून त्यांनी दुरुस्ती नामंजूर झाल्याचे जाहीर केले. फ्रान्सचे कायदेपंडित फर्दिनाँ लार्नोद यांनी बहुमत झाल्याकडे तिथल्या तिथे लक्ष वेधले. जपानच्या प्रतिनिधींनी आपल्या बाजूची मते इतिवृत्तात नोंदवून घेतली. त्यापलीकडे काही झाले नाही.

दुरुस्ती राष्ट्रांच्या समानतेबद्दल होती. एका वाक्याला जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशांनी एवढे का भ्यावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आंतरराष्ट्रीय राजकारणात सत्ता, सुरक्षितता आणि वंश एकमेकांत कसे गुंतलेले असतात, ते फार स्पष्ट दिसते.

जपानला काय हवे होते

जपान हा युद्ध जिंकणाऱ्या पाच मोठ्या सत्तांपैकी एक होता. ब्रिटनशी त्याची १९०२ पासून मैत्री होती. १९१४ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या सैनिकांना घेऊन जहाजांचा मोठा तांडा युद्धावर निघाला, तेव्हा त्याच्या राखणीला ‘इबुकी’ नावाची जपानी युद्धनौका होती. पुढे जपानी विनाशिका भूमध्य समुद्रापर्यंत गेल्या. एवढे करूनही जपानी माणूस कॅलिफोर्नियात शेतजमीन विकत घेऊ शकत नव्हता, आणि ज्या सिडनीच्या सैनिकांना त्याच्या देशाच्या नौकेने सोबत केली, त्या सिडनीत स्थायिक होण्याची त्याला मुभा नव्हती.

जपानचे प्रतिनिधी बॅरन माकिनो यांनी १३ फेब्रुवारीला पहिला मसुदा मांडला. राष्ट्रसंघाच्या सदस्य देशांतल्या परक्या नागरिकांना कायद्यात आणि व्यवहारात समान वागणूक मिळावी, वंश किंवा राष्ट्रीयत्व यांवरून भेद होऊ नये, असा त्याचा आशय होता. ब्रिटनच्या रॉबर्ट सेसिल यांनी विषय फार वादग्रस्त असल्याचे सांगून तो बाजूला ठेवला. दोन महिने दारोदार फिरून जपानने मसुदा इतका सौम्य केला की एप्रिलमध्ये त्यातून ‘वंश’ हा उल्लेखही गेला होता. राष्ट्रांची समानता आणि त्यांच्या नागरिकांना न्याय्य वागणूक, या तत्त्वाला प्रस्तावनेत मान्यता द्यावी, एवढेच मागणे उरले. प्रस्तावनेतल्या वाक्यामुळे कोणत्याही देशाचा कायदा बदलत नाही. तरीही ते नको होते, आणि गुंता नेमका इथे आहे.

भीती मोजायची कशी?

आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक ‘सुरक्षिततेचा पेच’ नावाची एक कल्पना वापरतात. देशांच्या वर पोलीस नाही, न्यायालयाचा बेलिफ नाही. म्हणून प्रत्येक देश स्वतःच्या रक्षणासाठी शस्त्रे जमवतो. शेजाऱ्याला तीच शस्त्रे धोका वाटतात, म्हणून तोही जमवतो. दोघांचाही हेतू वाईट नसताना दोघेही पहिल्यापेक्षा असुरक्षित होतात. या चित्रात भीती ही समोरच्याच्या ताकदीच्या प्रमाणात असते, असे गृहीत धरलेले आहे.

पण माणसे तशी भीत नाहीत आणि देशही भीत नाहीत. अलेक्झांडर वेंट या अभ्यासकाने १९९५ मध्ये दिलेले उदाहरण प्रसिद्ध आहे. ब्रिटनच्या पाचशे अण्वस्त्रांपेक्षा उत्तर कोरियाची पाच अमेरिकेला जास्त धोक्याची वाटतात. बाँब मोजून भीती कळत नाही. समोरचा ‘आपल्यातला’ की ‘परका’, हे आधी ठरते आणि मग त्याच्या बाँबचा अर्थ लागतो. आता पुढचा प्रश्न असा की ‘आपल्यातले’ कोण हे ठरवते काय? इतिहास, भाषा, धर्म, राज्यपद्धती, आणि गेली दीड-दोनशे वर्षे फार मोठ्या प्रमाणात वंश.

ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बिली ह्यूज यांचा हिशेब वरवर पाहता सुरक्षिततेचाच होता. पन्नास लाखांच्या आसपास माणसे, एक अख्खा खंड आणि उत्तरेला १९०५ मध्ये रशियाचे आरमार बुडवणारा जपान. युद्धात जपानने विषुववृत्ताच्या उत्तरेकडची जर्मन बेटेही घेतली होती. ऑस्ट्रेलियाने या युद्धात साठ हजार माणसे गमावली होती. त्यांच्या जिवावर मिळालेली शांतता आपण गमावणार नाही, अशी ह्यूज यांची भाषा होती. हे खोटे नव्हते. माणसे खरोखरच घाबरलेली होती.

तरीही या युक्तिवादाची एक साधी परीक्षा घेता येते. भीती जपानच्या आरमाराची असती, तर बंदी फक्त जपान्यांवर असती. पण ऑस्ट्रेलियाच्या १९०१ च्या कायद्याने चिनी माणसाला अडवले, ज्याच्या देशाचे तेव्हा परकी सत्ता लचके तोडत होत्या. भारतीयालाही अडवले, जो त्याच ब्रिटिश राजाचा प्रजाजन होता आणि ज्याच्याकडे स्वतःचे ना आरमार होते ना सरकार. दुबळा आणि बलवान दोघांनाही एकाच दाराशी थांबवले जात असेल, तर दारावरचा पहारा ताकदीसाठी नाही, हे उघड आहे. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत निर्णायक पुरावा वाटतो. सुरक्षिततेची भीती खरी होती, पण ती कोणाबद्दल बाळगायची याची यादी आधीच तयार होती.

ब्रिटनने मग काय केले? लंडनला जपानची मैत्री हवी होती, पण साम्राज्याच्या स्वशासित वसाहती त्याहून जास्त हव्या होत्या. ह्यूज आयोगाचे सदस्य नव्हते. पण हे वाक्य आले तर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रान उठवू, अशी धमकी त्यांनी दिली होती. कॅनडाचे बोर्डन आणि दक्षिण आफ्रिकेचे स्मट्स यांनी तडजोड करून पाहिली, ती ह्यूज यांच्यापुढे टिकली नाही. विल्सन यांची अडचणही अशाच जातीची होती. राष्ट्रसंघाचा करार त्यांना अमेरिकी सिनेटमधून मंजूर करून घ्यायचा होता, आणि कॅलिफोर्नियाचे व दक्षिणेतले सिनेटर हे वाक्य पाहून उसळले असते. शिवाय विल्सन यांच्याच कारकिर्दीत वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत काळ्या कर्मचाऱ्यांना वेगळे बसवायला सुरुवात झाली होती. त्यांना विरोधकांची मनधरणी करावी लागली असेल, पण स्वतःच्या मनाविरुद्ध फार काही करावे लागले नाही.

चौकट : वंशाचे नाव न घेता वंश कसा अडवावा

१८९७ मध्ये नाताळ वसाहतीने, म्हणजे गांधीजी तेव्हा वकिली करत होते त्याच दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, एक कायदा केला. येणाऱ्याने युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा. भारतीयांना थांबवण्यासाठी केलेल्या या कायद्यात ‘भारतीय’ हा उल्लेख कुठेच नव्हता. ब्रिटनचे वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना ही युक्ती आवडली आणि त्याच वर्षी त्यांनी इतर वसाहतींच्या पंतप्रधानांपुढे ती नमुना म्हणून ठेवली.

ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये ती उचलली आणि तिला धार दिली. बंदरावरचा अधिकारी सुमारे पन्नास शब्दांचा उतारा वाचणार, उतरू पाहणाऱ्याने तो लिहून काढायचा. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार. कोणाला इंग्रजी येत असेल तर जर्मन, जर्मन येत असेल तर आणखी एखादी. जपानने आपल्या अपमानाबद्दल तक्रार केल्यावर १९०५ मध्ये ‘युरोपीय भाषा’ बदलून ‘कोणतीही विहित भाषा’ असे केले गेले. व्यवहारात फरक पडला नाही; परीक्षा युरोपीय भाषांतच होत राहिली. १९०९ नंतर या परीक्षेत कोणीच उत्तीर्ण झाले नाही.

१९३४ मध्ये एगॉन किश हा प्रागचा गोरा, पण कम्युनिस्ट पत्रकार ऑस्ट्रेलियात आला. सरकारला तो नको होता. त्याला अनेक भाषा येत असल्यामुळे त्याची परीक्षा स्कॉटिश गेलिकमध्ये घेतली गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही भाषा कायद्याच्या अर्थाने युरोपीय भाषा नसल्याचे सांगून सरकारची फजिती केली. एका गटासाठी केलेले हत्यार सरकारच्या हाती राहिले की ते हव्या त्या माणसावर चालते. परीक्षा १९५८ मध्ये रद्द झाली.

वाक्य नाकारले, जमीन दिली

पॅरिसचा सौदा इथे संपला नाही. जपानची दुसरी मागणी शांतुंगची होती. चीनच्या या प्रांतातले जर्मनीचे हक्क आपल्याला मिळावेत, असे जपानचे म्हणणे होते. फ्यूम बंदराच्या वादावरून इटलीचे पंतप्रधान रागावून परिषद सोडून गेले होते. जपानही उठून गेला तर राष्ट्रसंघ जन्मण्यापूर्वीच मोडेल, ही विल्सन यांना धास्ती होती. समानतेच्या मतदानानंतर एकोणीस दिवसांनी, ३० एप्रिलला, शांतुंग जपानला देण्याचे ठरले.

यातली क्रूर बाजू लक्षात घ्या. ११ एप्रिलला चीनने जपानच्या दुरुस्तीला मत दिले होते. समानतेच्या प्रश्नावर जपानच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहिलेल्या देशाचाच प्रांत, जपानची समजूत काढायला देऊन टाकला गेला. ४ मे रोजी बीजिंगच्या विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून जे आंदोलन उभारले, त्याने आधुनिक चीनचा इतिहास बदलला. चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही.

जपानची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. माकिनो पॅरिसमध्ये समानतेबद्दल बोलत होते, त्याच वसंतात, १ मार्चपासून, कोरियात स्वातंत्र्याची निदर्शने चालू होती आणि जपानी सैन्य ती चिरडत होते. मसुद्यातले संरक्षण सदस्य देशांच्या नागरिकांपुरते होते. कोरियन माणसाला त्यात जागा नव्हती. जपानला उतरंड मोडायची नव्हती, तिच्यात वरच्या पायरीवर बसायचे होते. तरी वाक्य त्यामुळे चुकीचे ठरत नाही. खालच्या पायरीवरच्या सगळ्यांनी ते आपले म्हणून उचलले. अमेरिकेतल्या काळ्यांची वर्तमानपत्रे हा प्रश्न लावून धरत होती, हे त्याचेच लक्षण.

आणि भारत? भारताच्या वतीने पॅरिसमध्ये भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह आणि सत्येंद्र प्रसन्न सिन्हा होते, सगळे सरकारने निवडलेले. काँग्रेसने डिसेंबर १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे ठरवली होती. लोकमान्य तेव्हा पत्रकार चिरोल यांच्याविरुद्धच्या खटल्यासाठी लंडनमध्येच होते, पण पॅरिसला जाण्याचे पारपत्र त्यांना मिळाले नाही. मार्च १९१९ मध्ये त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी मांडलेला मुद्दा आजही वाचावा असा आहे. भारताचा विस्तार, लोकसंख्या आणि साधनसंपत्ती पाहता, स्वयंनिर्णय मिळालेला भारत आशियात शांतता राखण्याच्या कामी राष्ट्रसंघाचा मोठा आधार ठरेल. परिषदेत नीतीपेक्षा सुरक्षिततेचा शब्द जास्त वजनदार आहे, हे टिळकांनी अचूक ओळखले होते आणि त्यांनी न्यायाची मागणी त्याच भाषेत लिहिली.

पुढे राष्ट्रसंघाने हरलेल्या साम्राज्यांच्या प्रदेशांचे अ, ब आणि क असे तीन वर्ग केले. अरब प्रदेश ‘अ’ मध्ये, मध्य आफ्रिकेतले बहुतेक ‘ब’ मध्ये. पॅसिफिकमधली बेटे आणि आजचा नामिबिया ‘क’ मध्ये. ‘क’ वर्गातले लोक राज्यकर्त्या देशाच्या जवळपास मालकीचेच. न्यू गिनी ऑस्ट्रेलियाला मिळाले, नामिबिया दक्षिण आफ्रिकेला. १९१९ मध्ये नाकारलेल्या समानतेच्या जागी काय आले, हे या वर्गवारीत दिसते.

अभ्यासविषयालाही हा रंग लागलेला होता. आज परराष्ट्र धोरणावरचे सर्वांत वजनदार मानले जाणारे ‘फॉरिन अफेअर्स’ हे नियतकालिक १९२२ मध्ये निघाले, तेव्हा त्याने एक जुने नियतकालिक आपल्यात सामावून घेतले. १९१० मध्ये सुरू झालेल्या त्या जुन्या नियतकालिकाचे मूळ नाव होते ‘जर्नल ऑफ रेस डेव्हलपमेंट’, म्हणजे ‘वंशविकास-पत्रिका’. १९१९ मध्ये त्याने ते टाकून ‘आंतरराष्ट्रीय संबंध’ हे नाव घेतले होते.

१९२४ मध्ये अमेरिकेने जपान्यांचे स्थलांतर पूर्ण बंद केले. युद्धानंतर, १९४६ मध्ये, सम्राट हिरोहितो यांनी आपल्या निकटवर्तीयांना सांगितलेल्या आठवणीत युद्धाची मुळे शोधताना पॅरिसमधला नकार आणि कॅलिफोर्नियातली बंदी यांचा उल्लेख केला. हरलेल्या राजाच्या तोंडी ही सबबही असू शकते. नानजिंगमध्ये कत्तल करणारे सैन्य वांशिक समतेसाठी लढत नव्हते. पण मवाळ जपानी मुत्सद्द्यांच्या हातातला एक मोठा मुद्दा १९१९ ने काढून घेतला, यात शंका नाही. सहकार्याने मान मिळेल, असे ते आपल्या लोकांना सांगत होते. तो मान मिळाला नाही.

‘आमच्या घरातली बाब’

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींच्या छळछावण्या जगाने पाहिल्या. आता वंशभेदाचा उघड कैवार घेणे सोपे राहिले नव्हते. १९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत वंश, लिंग, भाषा आणि धर्म यांवरून भेद न करता मानवी हक्कांचा आदर करण्याचे उद्दिष्ट आले. पॅरिसमध्ये जे प्रस्तावनेतही नको होते, ते पहिल्याच कलमात बसले. पण लगेच दुसऱ्या कलमात सातवा परिच्छेद आला. मूलतः एखाद्या देशाच्या अंतर्गत अखत्यारीतल्या बाबींत संयुक्त राष्ट्रांना हस्तक्षेप करता येणार नाही.

या दोन कलमांची एकमेकांशी गाठ कशी पडते, हे गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्याला चटकन कळेल. सदनिकेच्या आत समितीने नाक खुपसू नये, हा नियम चांगलाच आहे. तो नसेल तर कोणाच्या घरात काय शिजते यावरही सभा भरतील. पण चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघराचे पाणी तिसऱ्या मजल्याच्या छतातून ठिबकू लागले की वरचा मालक तोच नियम पुढे करतो. आता समितीला दोनच गोष्टी सिद्ध करता येतात. एक, ओल खाली उतरली आहे, म्हणजे बाब घरातली राहिलेली नाही. दोन, या मालकाने पूर्वी दुरुस्तीचे लेखी आश्वासन दिले होते.

१९४६ मध्ये भारताने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नेमके हेच दोन मुद्दे मांडले. तिथल्या सरकारने भारतीयांच्या जमीनखरेदीवर आणि वस्तीवर बंधने घालणारा कायदा केला होता. भारत अजून स्वतंत्र नव्हता, तरी त्याने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित होत्या. कायद्याची बाजू लढवणाऱ्यांत मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मो. क. छागला होते. भारताचे म्हणणे असे की १९२७ च्या केपटाऊन करारासारखे समझोते दोन सरकारांत झालेले आहेत, तेव्हा हा विषय एका घरातला नाही. आणि दोन देशांचे संबंध बिघडलेलेच आहेत, म्हणजे ओल खाली आलेली आहे. समोर होते स्मट्स, पॅरिसमध्ये तडजोड शोधणारे, आणि मानवी हक्कांचा उल्लेख असलेल्या सनदेच्या प्रस्तावनेचा पहिला मसुदा लिहिणारे. त्यांनी सातव्या परिच्छेदाची ढाल पुढे केली आणि प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयाकडे पाठवावा, अशी मागणी केली.

८ डिसेंबर १९४६ रोजी मते पडली. बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. दोन-तृतीयांश बहुमत लागणार होते. मत देणाऱ्या ४७ देशांपैकी ३१ नी बाजू घेतली असती आणि १६ विरोधात गेले असते, तर ठराव पडला असता. म्हणजे बाजू घेणारा एकच देश विरोधात गेला असता, तरी पुरे होते. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. अजून इंग्रजांच्याच अमलाखाली असलेल्या देशाने हे मतदान जिंकले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

दक्षिण आफ्रिकेने ठराव धुडकावला, आणि १९४८ मध्ये तर वर्णद्वेषाला ‘अपार्थाइड’ नावाने राज्यधोरण बनवणारा पक्ष सत्तेवर आला. पण विषय आता दरवर्षी पटलावर येऊ लागला. वसाहती स्वतंत्र होत गेल्या तसे सभागृहातले बहुमतही बदलले. १९७४ मध्ये दक्षिण आफ्रिकेला संयुक्त राष्ट्रांतून काढण्याचा ठराव सुरक्षा परिषदेत आला, तेव्हा दहा देश बाजूने होते. ब्रिटन, फ्रान्स आणि अमेरिका या तिघांनी एकाच वेळी नकाराधिकार वापरला. मग १९७६ मध्ये सोवेटोतल्या शाळकरी मुलांवर गोळ्या झाडल्या गेल्या. नोव्हेंबर १९७७ मध्ये परिषदेने दक्षिण आफ्रिकेला शस्त्रे मिळणे हाच आंतरराष्ट्रीय शांततेला धोका असल्याचे ठरवून सक्तीची शस्त्रबंदी घातली. १९१९ मध्ये सुरक्षिततेच्या नावाने समानता नाकारली गेली होती. १९७७ मध्ये त्याच सुरक्षिततेचे कलम विषमतेविरुद्ध वापरले गेले. शब्द तोच होता. तो कोणाच्या हाती आहे आणि धोका कोणाला म्हणायचे, हे बदलले होते.

ह्यूस्टनचे भोजनगृह

अमेरिकेतही असेच गणित उलटले. १९५५ मध्ये भारताचे राजदूत गगनविहारी मेहता ह्यूस्टनच्या विमानतळावर जेवायला बसले. वर्णाने सावळे होते, म्हणून त्यांना गोऱ्यांसाठी राखलेल्या दालनातून उठवून वेगळ्या खोलीत नेले. परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. उपाहारगृहातल्या एका टेबलाबद्दल महासत्तेच्या परराष्ट्रमंत्र्याने का लिहावे? कारण शीतयुद्ध चालू होते. आशिया आणि आफ्रिकेतले नवे देश कोणत्या गोटात जाणार याची चिंता होती, आणि अशी प्रत्येक बातमी मॉस्कोच्या प्रचाराला आयता दारूगोळा पुरवत होती. शाळांतला वर्णभेद रद्द करणाऱ्या प्रसिद्ध खटल्यात अमेरिकेच्या न्याय खात्याने १९५२ मध्येच न्यायालयाला लेखी सांगितले होते की हा भेदभाव परराष्ट्र संबंधांना बाधक आहे.

काळ्या अमेरिकनांनी रक्त आटवून लढा दिला नसता, तर या चिंतेने काहीही घडले नसते. पण त्यांच्या लढ्याला वॉशिंग्टनमध्ये कान मिळाले, यात सुरक्षिततेच्या हिशेबाचा वाटा होता.

आपल्या घरची ओल

हे सगळे लिहून इथेच थांबणे मला अप्रामाणिक वाटेल.

१९४६ मध्येच, भारताची तक्रार संयुक्त राष्ट्रांकडे गेली त्याच सुमाराला, डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना एक छोटे पत्र लिहिले. अमेरिकेतल्या काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे त्यांनी वाचले होते. त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण अस्पृश्यांच्या वतीने तसाच अर्ज करण्याचा विचार त्यांच्या मनात होता. डुबॉइस यांनी जुलैअखेरीस उत्तर पाठवले आणि भारतातल्या अस्पृश्यांबद्दल आपल्याला पूर्ण सहानुभूती असल्याचे कळवले. दोघांच्याही डोळ्यांपुढे तीच अडचण होती. ज्या सरकारने दाद द्यायची, त्याच्याच दारात तक्रार अडते. दार ओलांडायचे तर जगाला सांगावे लागते, आणि सांगायला जावे तर ‘ही आमच्या घरातली बाब’ असे उत्तर मिळते.

२००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्याच डर्बनमध्ये वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते मोठ्या संख्येने तिथे पोहोचले होते. जातिभेदाचा उल्लेख परिषदेच्या जाहीरनाम्यात यावा, अशी त्यांची मागणी होती. भारत सरकारने विरोध केला. जात म्हणजे वंश नव्हे, आणि तिच्या निर्मूलनाची व्यवस्था आमच्या राज्यघटनेत आहे, असे सरकारचे म्हणणे होते. यातला पहिला भाग समाजशास्त्राच्या दृष्टीने खरा आहे. खुद्द आंबेडकरांनी अस्पृश्यतेचे मूळ वंशात असल्याचा सिद्धान्त खोडून काढला होता. दुसरा भागही खरा आहे; घटनेचे सतरावे कलम आहे, अत्याचारविरोधी कायदा आहे. पण १९४६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपण जे दोन मुद्दे मांडले, त्यांना हे उत्तर लागू पडत नाही. वंशभेदविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली आहे, आणि त्या कराराने ज्या भेदांना बंदी केली त्यांत जन्मकुळावरून होणारा भेदही आहे. लेखी आश्वासन दिलेले आहे, आणि ओलही झिरपलेलीच आहे. परदेशांत गेलेल्या आपल्या माणसांबरोबर जातही गेली, हे ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत आता उघडपणे बोलले जाते.

२००२ मध्ये त्या कराराच्या समितीने जन्मकुळावरून होणाऱ्या भेदात जातीचाही समावेश होतो, असे स्पष्ट केले. डिसेंबर २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी दिल्लीतल्या एका परिषदेत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतल्या अपार्थाइडशी केली. फेब्रुवारी २००७ मध्ये जिनिव्हात समितीपुढे भारताचा अहवाल विचारासाठी आला, तेव्हा आपल्या शिष्टमंडळाने जात या कराराच्या कक्षेत येत नाही, ही जुनीच भूमिका पुन्हा मांडली.